राऊटरचें बिट कसें निवडावें?

कांहीं घरांतून अलीकडे एक नवेंच यंत्र बैठकीच्या कोपऱ्यांत किंवा गच्चीवरच्या खोलींत येऊन बसलेलें दिसतें. त्यास सी. एन. सी. राऊटर असें नांव आहे. संगणकाच्या हुकुमाप्रमाणें एक फिरतें पातें लांकडावर, ॲक्रिलिकवर, क्वचित् ॲल्युमिनियमवरही चालवून नक्षी, अक्षरें किंवा सुटे भाग कापावयाचे, हें त्याचें काम. घरांतील एखाद्या मुलानें अगर मुलीनें तें हौसेनें मागविलेलें असतें, आजोबांनीं पैसे दिलेले असतात, आणि काकूंनीं देव्हाऱ्याच्या कमानीची मागणी आधींच नोंदवून ठेवलेली असते. परंतु पुष्कळदां दोन-तीन महिन्यांनीं त्याच यंत्रावर जुनी चादर पडलेली आढळते. विचारलें असतां उत्तर मिळतें कीं, लांकूड जळतें, कडा कुसकरतात, बिटें पटापट मोडतात, एकूण यंत्रच हलकें निघालें. आमचें म्हणणें असें आहे कीं, यांपैकीं बहुतेक तक्रारींचें मूळ यंत्रांत नसून त्याच्या तोंडीं बसविलेल्या बोटभर बिटांत असतें. यंत्राची किंमत पाहून वडील मंडळी दहा ठिकाणीं चौकशी करितात. बिटें मात्र यंत्राबरोबर फुकट आलेलीं किंवा स्वस्त पेटींतलीं वापरलीं जातात. पुढें हौस मावळते, आणि मुलाच्या अंगीं चिकाटी नाहीं असा शेरा त्याच्या माथीं बसतो, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊं. या पात्यास बाजारांत बिट म्हणतात, कोणी कटरही म्हणतात. बिटाचा जो भाग यंत्राच्या पकडींत जातो ती त्याची दांडी. तिच्याखालीं कापणारी धार, आणि धारेला लागून, कापलेला माल बाहेर वाहून नेणारी पन्हळ. धारेइतकेंच पन्हळीसही महत्त्व आहे, हें नवशिक्यांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. भोंक पाडण्याचें ड्रिलचें बिट आणि राऊटरचें बिट हीं दिसावयास भावंडें वाटलीं तरी त्यांचे धर्म निराळे आहेत. ड्रिल टोकानें कापीत सरळ खालीं उतरतें. राऊटरच्या बिटास आडवें चालावयाचें असतें, म्हणून त्याच्या कुशीसही धार असते. ड्रिलचें बिट राऊटरला लावून आडवें चालविणें म्हणजे तें हातानें मोडून घेणें होय, आणि मोडलेला तुकडा कोणाच्या डोळ्याकडे धांवेल याचा नेम नसतो.

ही धार आज कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते, त्यामुळें तिच्यामागील खटाटोप आपल्या ध्यानींही येत नाहीं. इ. स. १९०० च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत टेलर व व्हाइट या अमेरिकन जोडीनें आपलें हायस्पीड पोलाद जगापुढें मांडलें. कापतांना तें तापून लाल झालें तरी त्याची धार टिकत असे. पुढें १९२३ सालीं जर्मनींत कार्ल श्रोटर यानें टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टसारख्या धातूनें सांधून अतिशय कठीण पदार्थ बनविण्याच्या कृतीचें पेटंट मागितलें. क्रुप कंपनीनें तो माल 'विडिया' या नांवानें विकावयास काढला. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांचा तो संक्षेप आहे. यंत्रास आंकड्यांनीं हुकूम देण्याची विद्या याहून अलीकडची. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेनें १९५२ सालीं तसें यंत्र चालवून दाखविलें, आणि २००९ सालीं 'ग्रबल' नांवाची मोफत आज्ञावली निघाल्यावर विमानांच्या भागांसाठीं जन्मलेली ही विद्या घरच्या टेबलावर उतरली. आज हौशी माणसानें लांकडासाठीं घ्यावें तें बिट भरीव कार्बाइडचेंच. पोलादी बिट थोडें वांकून सांभाळून घेतें, पण त्याची धार लवकर जाते. कार्बाइडची धार पुष्कळ टिकते. मात्र तें कांचेसारखें ठिसूळ असल्यामुळें वांकत नाहीं, एकदम तुटतें. टेबलावरून फरशीवर पडलें तरी त्याच्या धारेचा टवका उडतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. बिट निवडणें म्हणजे ढलपी केवढी निघावी आणि ती कोणत्या वाटेनें बाहेर जावी हें ठरविणें. बिट फिरतांना त्याची प्रत्येक धार लांकडाचा एक तुकडा उचलते. हा तुकडा पुरेसा जाड असला तर घर्षणाची पुष्कळशी उष्णता तोच आपल्याबरोबर बाहेर घेऊन जातो, आणि धार थंड राहते. तो फारच पातळ निघाला तर धार कापीत नाहीं, घांसते. उष्णता तेथेंच सांचते, लांकूड काळें पडतें, आणि धार बोथट होऊन अधिकच घांसूं लागते. बोथट विळीवर चिरलेली कोथिंबीर कशी चेंगरून काळवंडते हें गृहिणींस सांगावयास नको. येथेंही तोच प्रकार आहे. म्हणून यंत्र चालू असतां कानास काय ऐकूं येतें यापेक्षां, तें थांबल्यावर हातास काय लागतें तें पाहावें. निघालेला माल रव्यासारखा दाणेदार लागला तर सर्व ठीक आहे. मैद्यासारखा लागला तर बिट घांसत आहे असें खुशाल समजावें. एम. डी. एफ. चा मात्र अपवाद. तो मुळांत लांकडाच्या बारीक तंतूंचाच बनलेला असल्यामुळें त्याचें पीठच निघावयाचें.

ढलपीची जाडी काढण्याचा हिशेब सातवींतल्या मुलासही करतां येईल. यंत्र एका मिनिटांत जितके मिलिमीटर पुढें सरकतें त्यास बिटाचे मिनिटाचे फेरे आणि धारांची संख्या यांच्या गुणाकारानें भागावें. समजा, बिट मिनिटास २४,००० फेरे घेतें, त्यास दोन धारा आहेत, आणि भीतीनें आपण यंत्र मिनिटास १,००० मि. मी. इतकेंच सरकवितों. तर ढलपी ०.०२ मि. मी. निघाली, म्हणजे कागदाच्या जाडीच्या पांचवा हिस्सा. ३ मि. मी. च्या बिटानें लांकूड कापतांना साधारणपणें याच्या दुप्पट तरी ढलपी हवी. अशा वेळीं यंत्र जोरानें पळवावें असें कोणी सुचवितात. पण हलक्या सांगाड्याचें यंत्र तितका जोर सोसत नाहीं, थरथरूं लागतें. फेरे १२,००० वर आणणें किंवा दोन धारांऐवजीं एका धारेचें बिट लावणें हा सरळ उपाय होय. दोहोंनींही ढलपी ०.०४ होते. तीन-चार धारांचें बिट अधिक चांगलें असा समज सार्वत्रिक आहे, कारण अधिक धारा म्हणजे अधिक माल असें गिऱ्हाईकास वाटतें. लोखंड कापणाऱ्या भक्कम यंत्रास तें शोभतें. घरगुती यंत्रास एक किंवा दोन धारा पुरे. शिवाय धारा कमी असल्या म्हणजे पन्हळीही रुंद राहतात.

ढलपी कोणत्या वाटेनें बाहेर जाते हें पन्हळीच्या पिळावर अवलंबून असतें, आणि दुकानदारास विचारावयाचा पहिला प्रश्न हाच. ज्यास अपकट म्हणतात त्याचा पीळ माल वर ओढतो. चर स्वच्छ राहतो, बिट थंड राहतें. परंतु लांकडाचे तंतूही वर ओढले जाऊन वरची कड केसाळ होते, आणि पातळ फळी नीट दाबून बांधलेली नसेल तर ती जागची उचलली जाते. डाऊनकटचा पीळ उलट असतो. तो तंतू खालीं दाबीत कापतो, त्यामुळें वरची कड जणूं सुरीनें रेखल्यासारखी येते. पण भुसा चरांतच ठांसला जातो आणि तेथें ऊब धरतो. म्हणून डाऊनकटनें एका वेळीं थोडेंच खोल जावें व भुसा सतत ओढून घ्यावा. नक्षीची किंवा व्हिनिअरची कड वरून दिसणार असेल तेथें डाऊनकट, आणि खोल खांच घ्यावयाची असेल तेथें अपकट, अशी आमची शिफारस आहे. पीळ नसलेलें सरळ धारेचें बिट या दोहोंच्या मध्यें बसतें. तें स्वस्त असतें व साध्या कामास वाईट नसतें.

तिसरी एक जात कॉम्प्रेशन बिटाची. त्याचा खालचा थोडा भाग वर ओढतो, वरचा भाग खालीं दाबतो, म्हणून प्लायवूडच्या दोन्ही कडा स्वच्छ येतात. जाहिरातींत तें फार गाजतें, आणि गाजावें असें त्याचें काम आहेही. पण त्यास एक अट आहे. खालचा, वर ओढणारा भाग पहिल्याच फेरींत फळीच्या आंत पूर्ण बुडाला पाहिजे, नाहींतर वरची कड तोच फाडतो. हा भाग कित्येक बिटांत ५-६ मि. मी. असतो. एका फेरींत इतकें खोल जाण्याचें बळ ज्या यंत्रांत नाहीं त्याच्या मालकानें हें महाग बिट घेणें म्हणजे महाग अपकट घेणें आहे.

जाडीच्या बाबतींत सामान्य माणसाचा अंदाज हमखास चुकतो. बिटाचा व्यास दुप्पट केला तर त्याचा ताठपणा दुप्पट होत नाहीं, सोळापट होतो. आणि पकडीबाहेर राहिलेली लांबी दुप्पट केली तर त्याच जोरानें तें आठपट वांकतें. यास्तव कामास चालेल तितकें जाड आणि चालेल तितकें आंखूड बिट घ्यावें. १२ मि. मी. ची फळी कापावयास ४० मि. मी. धारेचें लांबलचक बिट 'पुढेंमागें उपयोगी पडेल' म्हणून घेणारे पुष्कळ असतात. त्यांच्या कडा लाटांसारख्या येतात. एका फेरींत किती खोल जावें? हलक्या यंत्रावर व्यासाच्या निम्म्यानें आरंभ करावा, आणि लांकूड व यंत्र दोघांची खुशी दिसल्यावर वाढवावें.

येथेंच एक धोक्याची सूचना. आपल्या बाजारांत पाव इंची, म्हणजे ६.३५ मि. मी. दांडीचीं आणि ६ मि. मी. दांडीचीं अशीं दोन्ही बिटें शेजारी शेजारी विकलीं जातात, आणि डोळ्यांस तीं सारखींच दिसतात. पाव इंची कोलेटांत ६ ची दांडी बसविली तर नट आवळतो, पण पकड खरी बसत नाहीं. हजारों फेऱ्यांच्या वेगांत तें बिट खालीं सरकतें किंवा सुटतें. कॅलिपरनें दांडी मोजल्याशिवाय बिट लावूंच नये. छोट्या यंत्रांची दांडी बहुधा ३.१७५ मि. मी., म्हणजे एक अष्टमांश इंच असते. तीस ३ ची समजून चालणें हीही तशीच चूक. कोलेट प्रथम फुंकून-पुसून घ्यावा, दांडी पुरती आंत घालून किंचित् बाहेर ओढावी, मग आवळावी. पन्हळीचा भाग पकडींत येतां कामा नये.

आतां आमच्या वाचकांस ज्याची सर्वांत अधिक हौस, त्या नांवाच्या पाटीकडे येऊं. दारावर देवनागरी अक्षरांत कुळाचें नांव कोरावयाचें असें पुष्कळांचें पहिलें काम ठरलेलें असतें, आणि पहिली निराशाही त्यांतच होते. कारण उघड आहे. फिरणारें बिट गोल असतें, ६ मि. मी. च्या बिटानें आंतला कोपरा कोरला तर तेथें ३ मि. मी. त्रिज्येची गोलाई राहणारच. रोमन अक्षरांत हें कांहींसें खपून जातें. देवनागरींत मात्र जागोजाग उभी काठी शिरोरेषेस काटकोनांत मिळते, 'ठ' आणि 'भ' यांच्या पोटांत लहान पोकळ्या असतात, जोडाक्षरांत तर तीळ मावेल इतकीच जागा उरते. सपाट टोकाच्या बिटानें हें सर्व बुजतें. यासाठीं व्ही-बिट घ्यावें. त्याचें टोक शंकूसारखें असतें. रुंद रेघेंत तें खोल उतरतें, आणि कोपरा जवळ आला कीं आज्ञावली त्यास हळूहळू वर उचलते, म्हणून कोपरा टांकानें काढल्यासारखा तीक्ष्ण येतो. टांकाच्या तिरक्या कटाचा जो मान देवनागरी लेखनांत आहे तो लांकडांत उतरवावयाचा तर दुसरें साधन नाहीं.

व्ही-बिटाचा कोन विचारून घ्यावा. ९० अंशांचें बिट जितकें खोल जातें त्याच्या दुप्पट रुंद रेघ पाडतें, १० मि. मी. रुंदीची शिरोरेषा ५ मि. मी. खोलींत होते. ६० अंशांच्या बिटास त्याच रेघेसाठीं ८.६६ मि. मी. उतरावें लागतें, आणि १२ मि. मी. ची फळी असेल तर खालीं फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणून मोठ्या ठसठशीत अक्षरांस ९० अंश, बारीक अक्षरांस ६० अंश. याउलट, कित्येक छोट्या यंत्रांबरोबर दहा बिटांची एक लहान डबी फुकट येते. त्यांचा कोन २० अंशांचा व टोक ०.१ मि. मी. चें असतें. तीं विद्युत्-मंडलाच्या पट्टीवरील तांब्याचा पातळ थर खरवडण्यासाठीं आहेत. सागाच्या फळींत त्यांस घातलें कीं पहिल्याच अक्षरांत टोक जातें. आरंभीं सांगितलेल्या तक्रारींपैकीं निम्म्या तरी या डबींतून जन्म घेतात, असा आमचा तर्क आहे.

गणपतीची किंवा वेलबुट्टीची उठावदार मूर्ति कोरणाऱ्यास गोल टोकाचें बॉलनोज बिट लागतें. तें शेजारी शेजारी रेघा मारीत जातें व दोन रेघांत बारीक वरंबा राहतो. ६ मि. मी. च्या बिटानें ०.६ मि. मी. अंतरावर रेघा मारल्या तर वरंबा ०.०१५ मि. मी. चा राहतो, अंतर दुप्पट केलें तर तो चौपट होतो, पण वेळ निम्मा लागतो. १५० मि. मी. चौरस फलकास ०.६ च्या अंतरानें २५० रेघा होतात, आणि मिनिटास १,००० मि. मी. चालीनें निव्वळ ३७-३८ मिनिटें लागतात. याअगोदर सपाट बिटानें ढोबळ माल काढून घ्यावा. नाजूक बिटाकडून हमालीचें काम करवूं नये.

लांकडाच्या जातीप्रमाणेंही निवड बदलते. साग आपल्या घरांतील मानाचें लांकूड, पण त्यांत सिलिका असल्यामुळें तो धार खातो. प्लायवूड व एम. डी. एफ. यांतील डिंकाचा थरही तसाच घातक. ॲक्रिलिकला गुळगुळीत रुंद पन्हळीचें एकधारी बिट हवें, नाहींतर तें वितळून बिटालाच चिकटतें. ओतीव ॲक्रिलिक यांत जरा बरें. ॲल्युमिनियमच्या वाटेस प्रथम वर्षीं तरी जाऊं नये.

आणि भुसा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीची गणना मनुष्यास कर्करोग होण्यास निश्चित कारण होणाऱ्या पदार्थांत केली आहे. ज्या घरांत दम्याचे वृद्ध व रांगतें मूल एका छताखालीं नांदतात तेथें हें यंत्र स्वतंत्र, बंद होणाऱ्या खोलींत, भुसा ओढणाऱ्या नळीसह व चालविणाराच्या तोंडास मुखवटा लावूनच चालावें. यांत मुलाच्या लाडाचा प्रश्न येऊं देऊं नये. योग्य बिट येथेंही मदत करितें, कारण दाणेदार ढलपी जमिनीवर पडते, घांसून निघालेलें पीठ तासन् तास हवेंत तरंगतें. घांसणाऱ्या बिटापासून आणखी एक भय आहे. एकाच जागीं फिरत राहिलेल्या बोथट बिटाखालीं ठिणगी धरते, नळीवाटें भुशाच्या पिशवींत जाते, आणि मागाहून तेथें पेट घेते. काम संपल्यावर पिशवी रिकामी करून घराबाहेर ठेवावी, आणि चालू यंत्र सोडून कोणीं जेवावयास उठूं नये.

मग प्रथम काय घ्यावें? पाव इंची दांडी बसत असेल तर त्या व्यासाचें दुधारी अपकट एक, ३.१७५ चें डाऊनकट एक व तसेंच अपकट एक, ९० अंशांचें व्ही-बिट एक, आणि यंत्राखालची फळी सपाट करावयास २२ किंवा २५ मि. मी. चें रुंद बिट एक. छोट्या यंत्रास पहिलें व शेवटचें सोडून द्यावें. ६० अंशांचें व बॉलनोज काम निघेल तेव्हां. तीस बिटांच्या लांकडी पेटीचें आकर्षण मोठें असतें. पण त्यांतील बहुतेक आकार हातानें चालविण्याच्या राऊटरसाठीं फर्निचरची कड गोल करावयाचे असतात, आणि त्यांपैकीं पंचवीस बिटांस पेटींतून बाहेर पडण्याचा योग कधींच येत नाहीं. तेवढ्याच पैशांत चार चांगलीं बिटें येतात. जें बिट रोज लागतें त्याचा एक जोड मात्र घरांत असावा. रविवारीं संध्याकाळीं बिट मोडतें आणि दुकान बंद असतें.

काम झाल्यावर बिटास चिकटलेला डिंक कोमट साबणाच्या पाण्यांत भिजवून पितळी ब्रशानें काढावा व बिट तत्काळ कोरडें करावें. काळपट दिसणारें बिट कित्येकदां बोथट नसून नुसतें मळलेलें असतें. सर्व बिटें एका डब्यांत खुळखुळत ठेवूं नयेत, एकमेकांवर आपटून धारा जातात. लांकडाच्या ठोकळ्यास भोंकें पाडून प्रत्येकास निराळें घर द्यावें. खरोखर बोथट झालेलें बिट खुणेसाठीं दांडीवर रंगवूं नये, रंगानें पकड सैल होते. तें वेगळ्या डबींत टाकावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं घाईंत कोणाच्या हातून तेंच पुन्हां यंत्रावर चढत नाहीं.